पेन्सिलचा आकडा

त्या दिवशी सकाळी त्याने एक कागद छापायला टाकला आणि प्रिंटरच्या खणात दोन पडलेले होते. वरचा त्याचा, टाक्यांच्या वेळापत्रकाचा. खालचा दुसऱ्या कुणाचा तरी, न्यायचा राहून गेलेला. दुसऱ्याचा कागद वाचू नये हे त्याला कळत होतं, पण वाचायचं की नाही हे ठरेपर्यंत डोळे वाचून मोकळे झालेले असतात. मथळा होता, ‘निर्णय घेणारा क्रमांक एक’. खाली तीन वर्षांचा आलेख आणि त्यात दोन रेषा. सलग रेषा वर चढत होती, कोसळत होती, पुन्हा चढत होती. तुटक रेषा तिच्यामधून शहाण्या मुलीसारखी जवळजवळ सरळ गेलेली. तळाशी दोन ओळी होत्या. ‘उशीर : नऊ दिवस. दुरुस्ती : गरजेच्या पावणेदोनपट.’ त्याने कागदाची चौघडी करून खिशात घातली. मग वाटलं, विसरलेलं माणूस आठवण झाली की परत येणार. कागद उलगडून त्याने घडी तळव्याने चार वेळा सपाट केली आणि होता तसा, एक कोपरा खणाबाहेर ठेवून, परत ठेवला. खोलीत येऊन दार लावलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की या इमारतीत निर्णय घेणारा म्हणावा असा एकच माणूस आहे, आणि त्याच्या दारावर पाटी आहे ‘उत्पादन नियोजन अधिकारी’.

बीअरच्या त्या कारखान्यात त्याला बावीस वर्षं झाली होती. दर आठवड्याला किती बॅचेस लावायच्या, एवढंच त्याचं काम. एवढंच म्हणायला सोपं. आज लावलेली बॅच शिजून, आंबून, थंड टाकीत निवून बाटलीत जायला चोवीस दिवस लागतात. म्हणजे आज गोदाम रिकामं दिसलं म्हणून आकडा वाढवायचा, आणि ती वाढ गोदामात पोचेपर्यंत आणखी तीन वेळा आकडा ठरवायचा, डोळ्यांसमोर तेच रिकामं गोदाम ठेवून. पाठीमागे लोक त्याला आकडेसाहेब म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. चार महिन्यांपूर्वी डायरेक्टरांनी एक नियंत्रणशास्त्राची इंजिनीअरबाई आणली. तोवर तिच्यासारखी माणसं बॉयलरच्या आणि टाक्यांच्या तापमानाशी खेळायची. ही म्हणाली, टाकीचं तापमान आणि कारखान्याचा साठा यांचं गणित एकच असतं. पहिल्या बैठकीत तिने फळ्यावर चौकोन काढले, विक्री, गोदाम, टाक्या, बाटल्या, आणि मध्ये एक चौकोन नुसताच, नाव न लिहिलेला. ‘‘पातेल्यात मीठ घातलं, आणि ते विरघळायच्या आत चव बघितली,’’ ती म्हणाली, ‘‘तर काय होतं? अळणी लागतं. पुन्हा मीठ. पुन्हा चव. शेवटी खारट झालं की पाणी. मीठ वाईट नसतं, जीभ वाईट नसते. चव बघायची वेळ चुकते.’’ सगळे हसले होते. तोही हसला होता. त्या नाव नसलेल्या चौकोनाकडे बघून आपल्याला हसू कसं आलं, हे आज त्याला कळेना.

पण कागदावरच्या शेऱ्यांनी तो तितका हलला नव्हता. पावणेदोनपट तर पावणेदोनपट. शास्त्र शिकलेली माणसं कुणाला काही ना काही पट म्हणणारच. त्याला हलवलं होतं ते त्या तुटक रेषेने. ती रेषा त्याने ओळखली होती. गुरुवारी दुपारी गोदामाचे आकडे आले की तो ड्रॉवरमधून तपकिरी वही काढी आणि पेन्सिलने एक आकडा लिही. अकरा. बारा. दहा. तो त्याचा स्वतःचा, कुणाचंही न ऐकता सुचलेला आकडा. मग शुक्रवार-शनिवार विक्रीवाले येत. कुणी म्हणे गिऱ्हाईक हातचं जाईल, कुणी म्हणे माल पडून राहील. त्याच्या मनात कालवाकालव सुरू होई आणि सोमवारी सहीच्या कागदावर पंधरा जाई, नाहीतर सात. सहीचे आकडे सगळ्या कारखान्याला माहीत होते. पेन्सिलचे आकडे त्या वहीबाहेर जगात कुठेही नव्हते. वही ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप. आणि तीन वर्षांचे पेन्सिलचे आकडे त्या बाईच्या आलेखावर एकशे पन्नास टिंबं होऊन बसले होते.

वहीबद्दल माहिती असलेला माणूस एकच होता. मास्तर. मास्तर म्हणजे मुख्य ब्र्यूअर, खरं तर शाळेत एक दिवसही न शिकवलेला माणूस, पण टाकीच्या झडपेशी उभं राहून पेल्यातल्या घोटाबद्दल असं समजावून सांगायचा की नाव पडून गेलं. दोघं एकाच वर्षी लागलेले. बावीस वर्षं दुपारचा डबा एकत्र. मास्तरची बायको याला भाऊजी म्हणायची, आणि तिच्या बाळंतपणात हॉस्पिटलात रक्त द्यायला हाच धावला होता. इतका जवळचा माणूस. त्या दिवशी डबा खाताना तो मास्तरच्या हातांकडे बघत राहिला. गरम पाण्याने आणि सोड्याने बोटांची कातडी सोललेली. त्याच बोटांनी वहीची पानं उलटली असतील. मास्तर म्हणाला, ‘‘जेवत का नाहीस?’’ तो म्हणाला, ‘‘जेवतोय की.’’ मास्तरने आपल्या डब्यातली लोणच्याची फोड नेहमीसारखी त्याच्या डब्यात टाकली, आणि त्याला वाटलं, हा आज इतका नेहमीसारखा का वागतोय.

घरी त्याने बायकोला काही सांगितलं नाही. ती ग्रंथालयात कामाला होती, दिवसभर गप्प बसून संध्याकाळी बोलायला आसुसलेली. ती सांगत होती की मास्तरच्या बायकोचा फोन आला होता. ‘‘काय म्हणाली?’’ त्याने विचारलं. ‘‘काही नाही. असंच.’’ असंच. बायका तासभर असंच बोलतात? ‘‘माझ्या कामाचं काही विचारत होती का?’’ बायकोने हातातलं पुस्तक मिटलं. ‘‘तुमच्या कामाचं कोण कशाला विचारेल?’’ हे तिने सहज म्हटलं की ठरवून, हे तो अंथरुणावर पडेपर्यंत तोलत बसला. सकाळी उठल्यावर त्याला हसू आलं, आणि दात घासताना पुन्हा तेच सुरू झालं. मन चिंती ते वैरी न चिंती, असं त्याची आई म्हणे. पण आईला तरी काय माहीत होतं. लहानपणी भाऊ आपली वही चोरून वाचतो अशी त्याला खात्री होती. त्याने वहीत दोन पानांमध्ये शिवणाचा एक दोरा ठेवला. तीन दिवसांनी वही उघडली तर दोरा नाही. त्याने भावाला काही विचारलं नाही, सरळ वडिलांना सांगितलं. वडिलांनी भावाला फोडून काढलं. पुढे कधीतरी वह्या रद्दीत काढताना तो दोरा त्याच वहीच्या पाठच्या पानाला चिकटलेला सापडला. हे त्याने भावाला आजतागायत सांगितलेलं नव्हतं. विचारलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं. पण विचारलं की समोरचा सावध होतो. विचारणं म्हणजे आपला पत्ता उघडा करणं. शिवाय विचारल्यावर तो ‘नाही’ म्हणाला, तर त्या ‘नाही’चं करायचं काय?

त्या गुरुवारी गोदामाचे आकडे आले. डोक्यात अकरा आला. त्याने पेन्सिल घेतली आणि सतरा लिहिलं. सतरा आजवर कधीच झालेले नव्हते. इतक्या बॅचेसना यीस्ट पुरायचं तर ते चार-पाच दिवस आधीपासून वाढवायला घ्यावं लागतं, आणि ते वाढवणं मास्तरच्या हातात. वही ड्रॉवरमध्ये ठेवून, कुलूप लावून, किल्ली पेनस्टँडमध्ये टाकून तो मुद्दाम दोन तास बाटल्यांच्या विभागात हिंडला. शुक्रवारी डबा खाताना मास्तर म्हणाला, ‘‘यंदा एखादी मोठी ऑर्डर वगैरे आली आहे का रे?’’

‘‘का?’’

‘‘काही नाही. उन्हाळा लांब आहे अजून.’’

‘‘तुला कशावरून वाटलं?’’

‘‘असंच,’’ मास्तर म्हणाला आणि पाणी प्यायला.

जेवण झाल्यावर तो यीस्टच्या खोलीत गेला. तिथे त्याचं काही काम नसायचं. पांढऱ्या फरशीची गार खोली, ओल्या पावासारखा वास, भिंतीवर फळा. फळ्यावर मास्तरच्या गोल अक्षरात पुढच्या आठवड्याचा आकडा होता. सतरा. चोर सापडला की बरं वाटतं असं म्हणतात. त्याला वाईटच वाटलं, आणि त्याचबरोबर, हेही खरं, एक समाधान. आपण वेडे नाही. पाणी मुरत होतं आणि ते कुठे मुरतंय हे आपल्याला बरोबर कळलं.

तसाच तो डायरेक्टरांकडे गेला. मास्तर माझे खासगी कागद वाचतो, त्याने सांगितलं, आणि बाहेर पुरवतो. डायरेक्टर सावकाश बोलणारा माणूस. ‘‘बाहेर म्हणजे कुठे?’’ त्याला एकदम इंजिनीअरबाईचं नाव घेता येईना, कारण तिला डायरेक्टरांनीच आणलेलं. तो म्हणाला, ‘‘ते तुम्ही शोधा. पण माझ्या सहीशिवायच्या आकड्यावर तो काम करतो, एवढं मी दाखवून देतो.’’ डायरेक्टरांनी रजिस्टरं मागवली. आठ दिवसांत निघालं ते त्याच्या कल्पनेपेक्षा जास्त होतं. तीन वर्षांत एकोणीस वेळा मास्तरने सहीच्या आकड्याइतक्या बॅचेस लावलेल्याच नव्हत्या, किंवा जास्त लावल्या होत्या. दर वेळी कारण लिहिलेलं. टाकी धुवायला काढली. झडप गळते. यीस्ट कमजोर. यीस्ट उरलं, एक बॅच जादा. आणि देखभालीच्या रजिस्टरात त्या तारखांना टाक्या ठणठणीत. मास्तरला सक्तीच्या रजेवर पाठवलं. जाताना तो याच्या खोलीवरून गेला. दार उघडंच होतं. मास्तर उंबऱ्याशी थांबला, काहीतरी बोलेल असं वाटलं. याने मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. काय लिहिलं ते त्याला नंतर वाचताही आलं नाही. मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं.

मास्तरच्या जागी दुसऱ्या कारखान्यातून एक ब्र्यूअर आला. तरणा, टापटिपीचा, प्रत्येक वाक्याला ‘हो सर’. ‘‘तुम्ही लिहाल तेवढं सर, एक कमी नाही, एक जास्त नाही.’’ त्याला वाटलं, असं हवं. उन्हाळा त्या वर्षी लवकर चढला, गोदाम खाली जाऊ लागलं. पेन्सिलने लिहायचं त्याने सोडूनच दिलं होतं, वही घरी नेऊन कपाटात कोंबली होती. सोमवारी सरळ सही. चौदा. गोदाम आणखी खाली. सोळा. आणखी खाली. विक्रीवाला दारात उभा राहून नखं खात होता. अठरा, आणि पुढच्या सोमवारी वीस. टापटिपीच्या ब्र्यूअरने जादा पाळी लावून वीस करून दाखवल्या. मग चोवीस दिवसांपूर्वीचे चौदा आले, त्यामागून सोळा, आणि त्याच सुमारास हवा पालटली, आभाळ भरून यायला लागलं, माणसं बीअर प्यायची कमी झाली. अठरा आले तेव्हा गोदाम तुडुंब होतं. त्याने सही केली, सहा. मग चार. पण वीस अजून वाटेत होते, आणि वाटेत असलेल्याला कुणी परत फिरवू शकत नाही. बाटल्या ठेवायला जागा नाही म्हणून बीअर टाक्यांतच राहिली. आठवडे गेले. टाकीच्या तळाचं यीस्ट मेलं आणि बीअरला रबरासारखा वास धरला. पाच टाक्या. कारखान्याच्या आजवरच्या आयुष्यात एकसुद्धा टाकी ओतून द्यावी लागली नव्हती.

ओतायच्या दिवशी सकाळी तो मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. जाणं भाग नव्हतं. सांडपाण्याच्या उघड्या चरातून फेस वाहत होता, गुडघाभर, फुसफुसत. कामगार रबरी बूट घालून काठ्यांनी फेस मोडत होते. इंजिनीअरबाई केव्हा शेजारी येऊन उभी राहिली ते त्याला कळलं नाही. ‘‘माझा अहवाल तुम्ही वाचलाच नाहीत ना सर?’’ ती म्हणाली. ‘‘चार महिने झाले देऊन.’’

‘‘पावणेदोनपट,’’ तो म्हणाला. ‘‘वाचलंय मी.’’

‘‘ते पहिलं पान झालं. पुढची?’’ ती त्याच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात काही छुपं आहे का ते तो शोधत होता. ‘‘मी लिहिलंय की तुमचा पहिला अंदाज जवळजवळ नेहमीच बरोबर असतो. मी इतक्या कारखान्यांत इतका चांगला अंदाज पाहिलेला नाही. बिघडतं ते सोमवारी. माझी शिफारस एवढीच होती, की गुरुवारचा आकडाच लावा आणि मध्ये कुणाला भेटू नका.’’

‘‘गुरुवारचा आकडा तुम्हाला कुणी दिला?’’ त्याचा आवाज त्याला स्वतःलाच कोरडा लागला.

‘‘कुणी दिला म्हणजे? यीस्टच्या रजिस्टरात आहे. दर शुक्रवारी यीस्ट किती वाढवायला घेतलं, त्याची नोंद. ती सहीच्या आकड्याशी जुळेना म्हणून मी मास्तरांना विचारलं. ते म्हणाले, हा साहेबांचा पहिला आकडा, मी यावर चालतो, सोमवारचा आला की जमेल तेवढा खालीवर करतो.’’ ती थांबली. ‘‘मला वाटलं तुम्हीच त्यांना आधी सांगता. तुमचं दोघांचं ठरलेलं आहे. नव्हता सांगत?’’

फेसाचा एक लोट चराबाहेर आला आणि त्याच्या बुटांवर चढला. तो मागे सरकला नाही. एकोणीस वेळा, त्याच्या मनात चाललं होतं. एकोणीस वेळा टाकी धुवायला काढली, झडप गळते, यीस्ट कमजोर. त्या एकोणीस तारखा त्याने चौकशीत वाचल्या होत्या. त्यांतल्या प्रत्येक वेळी सोमवारचा आकडा काय होता आणि गुरुवारचा काय, हे त्याला आता तोंडपाठ असल्यासारखं दिसू लागलं. तीन वर्षं आपण वर-खाली उड्या मारत होतो आणि खाली कुणीतरी चादर धरून उभं होतं.

दुपारी तो डायरेक्टरांकडे गेला आणि सगळं सांगितलं. सतराचा सापळाही सांगितला. डायरेक्टर ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, ‘‘लेखी द्या.’’ त्याने तिथेच बसून दिलं. डायरेक्टरांनी कागद वाचला, ड्रॉवरमध्ये ठेवला. ‘‘तुमच्या जागेचं काय करायचं ते बघू. पण मास्तरांनी परवाच निवृत्तीच्या कागदावर सही केली. आरोप मान्य केले. तुमच्या वहीबद्दल एक अक्षर त्यांनी लिहून दिलेलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, आकडे मला सुचत होते.’’

मास्तरचं घर कारखान्यापासून पायी वीस मिनिटं. त्याने अर्धा तास लावला. दार वहिनींनी उघडलं. एरवी ‘या भाऊजी’ म्हणत मागे वळून चहाला लागणारी बाई दारातच उभी राहिली, मग बाजूला झाली. मास्तर खिडकीशी बसून चष्म्याची काडी दुरुस्त करत होता. त्याची बोटं बरी झालेली होती. चार महिन्यांत नवी कातडी आली होती.

‘‘तू ड्रॉवर उघडायचास,’’ तो म्हणाला. हे असं बोलायचं ठरवलं नव्हतं.

‘‘किल्ली तूच सांगितलीस,’’ मास्तर म्हणाला. ‘‘कावीळ झाली होती तुला. हॉस्पिटलातून फोन केलास, की पेनस्टँडमध्ये किल्ली आहे, वहीत पेन्सिलने आकडा आहे, त्यावर यीस्ट लाव. सात-आठ वर्षं झाली. बंद कर असं नंतर कधी म्हणाला नाहीस.’’

त्याला कावीळ आठवली. हॉस्पिटलातली हिरवी भिंत आठवली. फोन आठवेना. कितीही आठवून पाहिलं तरी आठवेना, आणि क्षणभर, अजूनही, त्याला वाटून गेलं की हे मास्तर आत्ता रचून सांगत असेल तर. त्या विचाराची त्याला इतकी किळस आली की तो खुर्चीत बसला.

‘‘मला सांगायचं होतंस, की सोमवारी माझं बिघडतं.’’

‘‘सांगितलं असतं तर तू गुरुवारचा आकडाही सोमवारच्यासारखा लिहिला असतास.’’ मास्तरने स्क्रू नखाने फिरवला. ‘‘सतरा बघितल्यावर विचारलं मी तुला. तू म्हणालास, कशावरून वाटलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.’’

‘‘मग लावलंस का सतराला यीस्ट?’’

‘‘पेन्सिलने लिहिलेलं होतं ना,’’ मास्तर म्हणाला. ‘‘पेन्सिलने तू कधी खोटं लिहिलं नव्हतंस.’’

वहिनी आत कपबश्या मांडत होत्या, की नुसतीच भांडी आवरत होत्या, आवाजावरून कळत नव्हतं. त्याने लेखी दिल्याचं सांगितलं. मास्तरने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. ‘‘मग तुझी नोकरी?’’

‘‘माहीत नाही.’’ मग तो म्हणाला, ‘‘तू परत ये. मी त्यांच्या पाया पडतो.’’

‘‘नाही येणार. आकडे मी बदललेच होते, तो काही खोटा आरोप नव्हे. आणि आता मला सकाळी उठून कुणाचा आकडा काय आहे ते बघायची इच्छा नाही.’’

‘‘माझ्यावर राग नाही?’’

‘‘आहे की,’’ मास्तर म्हणाला. ‘‘भरपूर आहे. पण तो आजच काढला पाहिजे असं काही नाही.’’ चष्मा डोळ्यांवर चढवून त्याने खिडकीबाहेर बघितलं, काडी घट्ट बसली आहे का ते मान हलवून पाहिलं. चहा आला. दोन कप. वहिनी ठेवून आत गेल्या. दोघांनी तो प्यायला. मास्तरने टाक्यांबद्दल विचारलं, कुठल्या कुठल्या ओतल्या. त्याने नंबर सांगितले. मास्तर प्रत्येक नंबरला मान डोलावत राहिला, ओळखीच्या माणसांच्या बातम्या ऐकाव्यात तसा. चार नंबरच्या टाकीला म्हणाला, ‘‘तिचं झाकण जरा तिरकं बसतं. नव्याला सांग.’’ मग दोघंही उठले. दारापाशी मास्तर म्हणाला, ‘‘पुढच्या वेळी फोन करून ये.’’ आणि दार लागलं.

सबंध रस्ताभर तो ते वाक्य उलटंपालटं करत राहिला. पुढच्या वेळी, म्हणजे पुढची वेळ आहे. फोन करून, म्हणजे असाच येऊ नकोस. बावीस वर्षांत तो कधी फोन करून गेला नव्हता. दोन्हीतलं खरं कुठलं? दार आपटलं होतं की वाऱ्याने लागलं? एका चौकात सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला तरी तो फुटपाथवरच उभा होता. घरी बायको ग्रंथालयातून नुकतीच आली होती, पदराने मान पुसत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. सतरा सांगितलं, टाक्या सांगितल्या, भावाच्या वहीतला दोराही सांगितला, जो तिला लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत कधी सांगितला नव्हता. ती खाली बसली. शेवटी त्याने मास्तरचं ते वाक्य सांगितलं, शब्दाला शब्द, आवाजासकट, आणि विचारलं, ‘‘तुला काय वाटतं, त्याचा अर्थ काय?’’

ती उठली.

‘‘फोन करून जा,’’ ती म्हणाली. ‘‘दुसरा काय अर्थ असणार?’’